चाकाचा धारवा : तो का तापतो आणि प्रवासात निकामी झाल्यास काय करावे

चाक हा मानवाचा फार जुना शोध आहे. परंतु फिरणारे चाक आणि न फिरणारा आस यांचा जेथे स्पर्श होतो, त्या जागेची अडचणही तितकीच जुनी आहे. गाडीचा सारा भार त्या एवढ्याशा जागेवर येतो आणि तेथेच घर्षण होते. बैलगाडीची चाके कुरकुरू लागली की गाडीवान चाक सैल करून आसाला वंगण देई, ते याच कारणासाठी. आजच्या मोटारीच्या, ट्रकच्या किंवा ट्रेलरच्या चाकात त्या जागी पोलादाचा एक छोटा, अत्यंत काटेकोर घडविलेला भाग बसविलेला असतो. शास्त्रीय परिभाषेत त्याला ‘धारवा’ म्हणतात. कारखान्यात व रस्त्यावर तो ‘बेअरिंग’ या नावाने सर्वांच्या परिचयाचा आहे.

हा भाग डोळ्यांआड असतो. तो नीट असेपर्यंत त्याची आठवणही होत नाही; मात्र तो निकामी झाला तर चाक जागच्या जागी आवळले जाते, आस तुटतो, किंवा तुंब्यासह चाक निखळून भर रस्त्यात धावत सुटते. असे सुटलेले चाक समोरून येणाऱ्या वाहनावर वा पादचाऱ्यावर आदळले तर प्राणहानी होऊ शकते. म्हणून धारव्याची रचना काय, तो का बिघडतो, आणि वाटेत बिघडला तर कोणत्या क्रमाने वागावे, हे वाहन चालविणाऱ्या प्रत्येकाने जाणून घेणे आवश्यक आहे.

घसरणे आणि लोळणे

जड पेटी जमिनीवरून ओढणे कठीण. परंतु तिच्याखाली गोल लाकडे घातली की तीच पेटी सहज सरकते. घसरण्यातील घर्षणापेक्षा लोळण्यातील घर्षण पुष्कळच कमी असते, हे यामागील तत्त्व. धारव्यात हीच युक्ती वर्तुळाकार केलेली आहे. एक कडे आसावर बसते, दुसरे चाकाच्या तुंब्यात बसते, आणि दोहोंच्या मध्ये पोलादी गोळ्या किंवा रूळ लोळत राहतात.

या कल्पनेचा इतिहास मोठा आहे. इटलीतील नेमी सरोवराच्या तळाशी असलेली प्राचीन रोमन जहाजे १९२९ ते १९३२ या काळात पाणी उपसून उघडी करण्यात आली, तेव्हा फिरत्या चौथऱ्याखाली गोळ्या बसविल्याचे अवशेष त्यांत आढळले. १७९४ साली वेल्समधील फिलिप व्हॉन याने गाडीच्या आसासाठी गोळ्यांच्या धारव्याचे पेटंट घेतले. पुढे १८८३ साली जर्मनीतील श्वाइनफुर्ट येथे फ्रीड्रिख फिशर याने पोलादी गोळ्या एकसारख्या आकाराच्या घासून काढणारे यंत्र तयार केले आणि धारव्याचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन शक्य झाले.

तथापि चाकासाठी केवळ वरून येणारा भार पेलणे पुरेसे नसते. गाडी वळणावर वळते तेव्हा चाकावर बाजूनेही जोर येतो. अमेरिकेत घोडागाड्या बनविणारा हेन्री टिमकेन याने या अडचणीवर उपाय शोधला. १८९८ साली पेटंट घेतलेल्या त्याच्या धारव्यात रूळ सरळ नसून एका टोकाला निमुळते होते. तिरप्या बसलेल्या अशा रुळांमुळे वरचा व बाजूचा, असे दोन्ही भार एकाच वेळी पेलले जातात. एका चाकात असे दोन धारवे परस्परांकडे निमुळती तोंडे करून बसविले की चाक दोन्ही दिशांना सावरले जाते. असंख्य ट्रेलरांच्या चाकांत आजही हीच रचना असते. भारतात १९४६ साली जयपूर येथे धारव्यांचा कारखाना स्थापन झाला आणि १९५० पासून तेथे उत्पादन सुरू झाले. पुढे पुण्याजवळ चिंचवड येथेही हा उद्योग उभा राहिला.

उष्णतेचा हिशेब

धारव्यावर किती ताण पडतो, याची कल्पना थोड्या गणिताने येईल. समजा, चाकाचा व्यास ६० सेंटिमीटर आहे. त्याचा परीघ सुमारे १.८८ मीटर होतो. म्हणजे एका किलोमीटरमध्ये ते सुमारे ५३० फेरे करते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना ते दर सेकंदास जवळजवळ ९ वेळा फिरते, आणि ३०० किलोमीटरांच्या प्रवासात दीड लाखाहून अधिक फेरे होतात. चाक लहान असेल तर फेरे आणखी वाढतात. ४० सेंटिमीटर व्यासाच्या चाकाला प्रत्येक किलोमीटरमागे सुमारे ८०० फेरे करावे लागतात.

आता त्या ६० सेंटिमीटर चाकावर ५०० किलोग्रॅम भार आहे असे धरू. उत्तम स्थितीतील, वंगण असलेल्या रुळांच्या धारव्यात घर्षणाचा गुणांक ०.००२ च्या आसपास असतो. धारव्याचा सरासरी व्यास ५ सेंटिमीटर धरला तर ताशी ६० किलोमीटर वेगाने तेथे सुमारे १४ वॅट इतकीच उष्णता निर्माण होते. लहानशा दिव्याइतकी ही उष्णता वाऱ्याबरोबर सहज निघून जाते. तुंबा केवळ कोमट राहतो.

परंतु वंगण संपले, रूळ अडकले आणि लोळण्याऐवजी पोलाद पोलादावर घसरू लागले, तर तोच गुणांक ०.२ किंवा त्याहून अधिक होतो. म्हणजे घर्षण शंभर पटींनी वाढते आणि उष्णता १४ वॅटवरून १,४०० वॅटवर जाते. विजेच्या शेगडीइतकी ही उष्णता काही किलोग्रॅम वजनाच्या तुंब्यात कोंडली तर काही मिनिटांतच त्याचे तापमान शेकडो अंशांनी वाढते. धारवा महिनोन् महिने हळूहळू झिजतो, पण त्याचा अखेरचा विनाश अगदी थोड्या अवधीत होतो, त्याचे कारण हेच.

धारव्याचे पोलाद कठीण केलेले असते. परंतु ते फार तापले की ही कठिणता नाहीशी होते. साफ केलेले पोलाद सुमारे २२० अंश सेल्सिअसला गवती पिवळे दिसू लागते व सुमारे ३०० अंशांना निळे पडते. उघडलेल्या धारव्यावर किंवा आसावर निळी झाक दिसली, तर ते पोलाद आपली मूळ शक्ती गमावून बसले आहे, असे निश्चित समजावे.

धारवा का बिघडतो

पहिले कारण वंगणाचे. चाकातील ग्रीस म्हणजे साबणसदृश जाळीत धरून ठेवलेले तेल होय. ते पोलादाच्या पृष्ठभागांमध्ये पातळ पापुद्रा राखते व गंज रोखते. ते जुने होऊन सुकले, किंवा त्यात पाणी व धूळ शिरली, की हे कार्य थांबते. नाव वाहून नेणाऱ्या ट्रेलरचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. लांबचा प्रवास करून आलेला ट्रेलर नाव उतरविण्यासाठी मागे मागे पाण्यात नेतात. त्या वेळी तुंबा उबदार असतो. थंड पाण्याचा स्पर्श होताच आतील हवा आकुंचन पावते आणि तेलरोधक कड्याच्या फटीतून पाणी आत ओढले जाते. परतीच्या वाटेवर त्या गंजाचे परिणाम दिसू लागतात.

दुसरे कारण अतिभाराचे. १९४७ साली स्वीडनमधील लुंडबर्ग व पामग्रेन यांनी धारव्याच्या आयुष्याचा नियम मांडला. रुळांच्या धारव्याचे आयुष्य भाराच्या सुमारे ३.३३ या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते. भार सव्वापट केला तर आयुष्य निम्म्याहूनही कमी होते. दुप्पट केला तर ते सुमारे एक दशांश उरते. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर क्षमतेबाहेर मोळ्या रचताना ‘थोडे अधिक’ म्हणून जे चढविले जाते, त्याची किंमत धारव्याच्या हिशेबात थोडी नसते.

तिसरे कारण बसविण्यातील दोषाचे. नट फार आवळला तर रूळ दाबले जाऊन तापतात; फार सैल राहिला तर चाक डुलते आणि थोड्याच रुळांवर सारा भार येतो.

चौथे कारण अनेकांच्या ध्यानात येत नाही. ते म्हणजे दीर्घकाळ उभे राहणे. ट्रेलर वा ट्रॉली वर्षातील कित्येक महिने एकाच जागी असते. रूळ एकाच ठिकाणी टेकून राहिल्याने ओलाव्यामुळे तेथे गंजाच्या रेषा उमटतात. पुढे चाक फिरू लागले की प्रत्येक फेऱ्यात रूळ त्या रेषांवरून आपटत जातात आणि पृष्ठभागाचे कपचे निघू लागतात.

मोटारीच्या स्वतःच्या चाकाचा धारवा बिघडू लागला की चालकाला घरघर ऐकू येते, सुकाणूचक्रात कंप जाणवतो. ट्रेलर मात्र मागे असतो. त्याचा आवाज इंजिनाच्या व वाऱ्याच्या आवाजात बुडून जातो आणि त्याचा कंप चालकापर्यंत क्वचितच पोहोचतो. म्हणून ट्रेलरच्या बाबतीत चालकाने थांबून, उतरून पाहणे यास पर्याय नाही.

एका मोठ्या अपघाताचा बोध

अमेरिकेच्या ओहायो राज्यातील ईस्ट पॅलेस्टाइन या गावी ३ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री एका मालगाडीचे ३८ डबे रुळांवरून घसरले. त्यांपैकी काही डब्यांत घातक रसायने होती. आग लागली आणि रहिवाशांना घरे सोडावी लागली. चौकशीत असे निष्पन्न झाले की एका डब्याच्या चाकाचा धारवा तापून निकामी झाला होता. मार्गाच्या कडेला बसविलेल्या तापमापक यंत्रांनी त्या धारव्याची नोंद घेतली होती. पहिल्या ठिकाणी तो सभोवतालच्या हवेपेक्षा सुमारे २१ अंश सेल्सिअसने अधिक तापलेला होता; सुमारे १७ किलोमीटर पुढे हा फरक ५७ अंश झाला; आणि आणखी सुमारे ३१ किलोमीटरांनंतर तो १४१ अंशांवर गेला. गाडी थांबविण्याचा इशारा या तिसऱ्या नोंदीनंतरच मिळाला, आणि तोवर वेळ निघून गेली होती.

या आकड्यांतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक म्हणजे, एखाद्या वेळचे तापमान किती आहे यापेक्षा ते पूर्वीच्या तुलनेत कसे वाढत आहे, हे अधिक महत्त्वाचे. दुसरी म्हणजे, दोन तपासण्यांमधील अंतर फार असेल तर नेमका घातक काळ त्या अंतरातच निघून जातो. रेल्वेला लागू असलेली ही गोष्ट दोन चाकांच्या ट्रेलरलाही तितकीच लागू आहे.

वाटेतील तपासणी

ट्रेलर घेऊन लांबच्या प्रवासाला निघाल्यास पहिला थांबा १५-२० किलोमीटरांवर घ्यावा, आणि पुढे प्रत्येक विश्रांतीच्या वेळी सर्व तुंबे तपासावेत. तुंब्यास एकदम हात लावू नये. तळहात प्रथम जवळ नेऊन धग जाणवते का ते पाहावे. नंतरच बोटाने हलका स्पर्श करावा. दुरून तापमान दाखविणारे अवरक्त तापमापक आता सहज मिळते. ते जवळ असल्यास उत्तम. पाण्याचा एक थेंब तुंब्यावर पडताच चरचरून उडाला तर तेथील तापमान १०० अंशांच्या वर आहे, असे समजावे.

ब्रेक लावल्यानेही चाक तापते, हे ध्यानात ठेवावे. म्हणून डाव्या व उजव्या चाकांची तुलना करावी. दोन्ही सारखीच उबदार असतील तर ती बहुधा ब्रेकची उष्णता. एकच चाक इतरांहून स्पष्टपणे अधिक तापले असेल तर संशय धारव्यावर किंवा त्या चाकाच्या अडकलेल्या ब्रेकवर घ्यावा. चाकाच्या आतल्या बाजूस ग्रीसचे ओघळ दिसणे, जळका वास येणे, टायर एका कडेने झिजणे किंवा चाक तिरपे दिसणे, ही अन्य लक्षणे होत.

बिघाड आढळल्यास

संशय आल्यास ‘पुढच्या गावापर्यंत जाईल’ असा विचार करू नये. वाहन रस्त्यापासून शक्य तितके दूर, सपाट व कठीण जमिनीवर उभे करावे. मागे पुरेशा अंतरावर परावर्तक त्रिकोण ठेवावा. ट्रेलर ओढणाऱ्या वाहनास जोडलेलाच राहू द्यावा, हातब्रेक लावावा, आणि जी चाके उचलायची नाहीत त्यांना पुढून-मागून दगड वा लाकडी ठोकळे लावावेत. माणसांनी वाहतुकीच्या बाजूला उभे राहू नये.

तापलेल्या तुंब्यावर पाणी ओतू नये. एकाएकी आकुंचन पावून धातूला तडा जाण्याचा संभव असतो. ते आपोआप निवू द्यावे. ग्रीसने पेट घेतल्यास अग्निशामकाचा किंवा कोरड्या मातीचा उपयोग करावा.

चाक निवल्यावर जॅकने उचलावे. आसाखाली भक्कम टेकू दिल्याशिवाय काम सुरू करू नये. नंतर चाक वर व खाली धरून आत-बाहेर हलवावे. ठळकपणे डुलत असेल तर धारवा सैल किंवा झिजलेला आहे. मग ते हाताने फिरवावे. निरोगी चाक निःशब्द फिरते. खरखर ऐकू आली किंवा फिरताना अडखळ जाणवली तर धारवा बदलावाच लागतो.

बदलण्याचा क्रम असा : तुंब्यावरची टोपी काढावी, स्प्लिट पिन सरळ करून ओढावी, नट व वायसर काढावेत, बाहेरचा धारवा हातात घ्यावा आणि तुंबा सरळ ओढून काढावा. आतला धारवा तेलरोधक कड्यामागे, म्हणजे मेकॅनिकांच्या भाषेत ‘ऑइल सील’मागे असतो. तुंब्यात घट्ट बसलेली बाहेरची कडी पितळी सळईने, आलटून पालटून समोरासमोर ठोके देत काढावी. आतले व बाहेरचे कडे जोडीनेच बदलावे. नव्या रुळांखाली जुने झिजलेले कडे ठेवल्यास नवा धारवाही लवकर जातो. धारव्यावर कोरलेला क्रमांक पाहून तोच क्रमांक मागावा.

आसाचे टोक पुसून निरखावे. ते गुळगुळीत असेल तर काम पुढे न्यावे. त्यावर खोल चरे, निळी झाक किंवा वितळून चिकटलेले कडे असेल, तर त्यावर नवा धारवा बसवून प्रवास करणे धोक्याचे आहे. अशा वेळी माल उतरवून ट्रेलर दुसऱ्या वाहनावर चढवून नेणे हाच योग्य मार्ग. दोन आसांच्या ट्रेलरचे निकामी चाक साखळीने वर बांधून उरलेल्या चाकांवर तो नेण्याची रीत काही ठिकाणी आहे. परंतु त्यामुळे त्या बाजूच्या उरलेल्या चाकावरील भार जवळजवळ दुप्पट होतो, आणि दुप्पट भाराचा अर्थ आपण वर पाहिलाच आहे. माल रिकामा करून, अगदी मंद गतीने, जवळच्या सुरक्षित जागेपर्यंत जाण्यापलीकडे या उपायावर विसंबू नये.

नव्या धारव्यात ग्रीस भरताना ते केवळ वरून फासू नये. तळहातावर ग्रीस घेऊन धारव्याची रुंद बाजू त्यावर दाबत जावे, म्हणजे ते रुळांमधून शिरून अरुंद बाजूने बाहेर येते. निरनिराळ्या जातींचे ग्रीस एकत्र करू नये. तेलरोधक कडे नवेच घालावे.

शेवटी नट आवळण्याचे काम. चाक फिरवीत फिरवीत नट पान्याने घट्ट करावा, म्हणजे कडी आपापल्या जागी बसतात. नंतर तो सैल करून केवळ बोटांनी लागेल इतकाच आवळावा. खाच व छिद्र जुळत नसेल तर किंचित मागे घ्यावा आणि नवी स्प्लिट पिन घालून तिची टोके वळवावीत. अशा जुळणीत सर्वसाधारणपणे ०.०२५ ते ०.१२५ मिलिमीटर इतकी मोकळीक राहते. आता काही ट्रेलरांत कारखान्यातच बंद केलेला अखंड धारवा बसविलेला असतो; त्याला ही रीत लागू नाही. त्याचा नट निर्मात्याने सांगितलेल्या मापानेच आवळावा लागतो. दुरुस्तीनंतर १०-१५ किलोमीटरांवर पुन्हा थांबून त्या तुंब्याचे तापमान पाहावे.

प्रवासापूर्वीची सिद्धता

ग्रीस भरून ठेवलेली धारव्यांची जोडी, तेलरोधक कडे, स्प्लिट पिना, वायसर, पाने, छिन्नी, हातोडा, जॅक व टेकू इतके साहित्य एका पेटीत मावते. काही प्रवासी धारव्यांसह संपूर्ण तुंबाच जादा ठेवतात. मग रस्त्यावरचे काम पुष्कळच सोपे होते. तरीही खरी दक्षता घरीच घ्यावयाची असते. वर्षातून एकदा, आणि दीर्घकाळ उभा असलेला ट्रेलर बाहेर काढण्यापूर्वी, चाके उघडून धारवे धुऊन तपासावेत.

शाळेत करण्याजोगा प्रयोग

एका जाड पुस्तकाला रबरी पट्टा अडकवून ते टेबलावर सावकाश ओढा आणि पट्टा किती ताणला जातो ते मोजा. मग पुस्तकाखाली पाच-सहा गोल पेन्सिली समांतर ठेवून पुन्हा ओढा. ताण किती कमी झाला ते लिहून ठेवा. नंतर टेबलावर थोडी बारीक वाळू पसरून तोच प्रयोग करा. पेन्सिली अडखळतात, काही तिरप्या होतात आणि पुस्तक मध्येच घसरते. धूळ शिरलेल्या धारव्यात दर सेकंदास अनेक वेळा घडते ते हेच. आता दोन्ही तळहात एकमेकांवर जोराने चोळून पाहा. लोळणे थांबून घसरणे सुरू झाले की उष्णता कोठून येते, याचे उत्तर आपल्या हातातच मिळेल.